जाणीव मेंदूतूनच निर्माण होते, हा निष्कर्ष आहे की गृहीतक?

शिक्षिका, नौपाडा

नमस्कार. मी ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. मागील आठवड्यात बारावीच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, विचार म्हणजे शेवटी मेंदूतली रसायनंच ना?" मी सवयीने "हो" म्हटले आणि फळ्याकडे वळले. घरी आल्यावर मात्र त्या "हो"ने मला स्वस्थ बसू दिले नाही, कारण तो कोणत्या प्रयोगाच्या आधारे दिला, हे मला स्वतःलाच सांगता येईना. निसर्गातील घटनेचे कारण निसर्गातच शोधायचे, ही विज्ञानाची पद्धत मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु "जड पदार्थापलीकडे काहीच नाही" हे विधान त्या पद्धतीतून निघालेले नसून तिच्या आधीच स्वीकारलेले आहे, असे मला वाटते. चार्वाकांनी ते निदान उघडपणे मांडले होते: किण्वामुळे, म्हणजे आंबवणाऱ्या द्रव्यामुळे, जशी मदशक्ती उत्पन्न होते, तसे पृथ्वी, जल, तेज, वायू या भूतांच्या संयोगातून चैतन्य उत्पन्न होते. त्यावर नैयायिकांनी, बौद्धांनी, वेदान्त्यांनी शतकानुशतके वाद घातला. आज आपण तेच विधान वाद न घालता शिकवतो आणि शंका घेणाऱ्याची रवानगी थेट अंधश्रद्धेच्या बाजूला करतो. ही पोथीनिष्ठाच नव्हे काय?

भूलतज्ज्ञ, वाशी

शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचे औषध दिल्यावर मिनिटभराच्या आत समोरच्या माणसाची जाणीव मावळते आणि औषध उतरले की परत येते, हे मी रोज पाहतो. त्यामुळे जाणीव मेंदूवर अवलंबून आहे याबद्दल मला शंका नाही. अवलंबून असणे आणि त्यातूनच घडणे यांत अंतर आहे, हे मात्र मान्य करतो.

आमच्या शाखेतील एक रूढ मत कसे मोडले ते सांगतो. १९००च्या सुमारास मायर आणि ओव्हर्टन यांनी स्वतंत्रपणे दाखवले की भुलीचे द्रव्य तेलात जितके अधिक विरघळते तितके ते प्रभावी असते. त्यावरून ही द्रव्ये पेशीपटलातील मेदावर काम करतात, असा समज दीर्घकाळ रूढ राहिला. १९८४ साली फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्याचा प्रकाश निर्माण करणारे विकर (एन्झाइम, एक प्रथिन) घेतले, ज्यात मेद मुळीच नव्हता, आणि ज्या मात्रांत प्राण्यांना भूल येते साधारण त्याच मात्रांत ही द्रव्ये त्या विकरालाही रोखतात, हे दाखवले. तेव्हापासून लक्ष प्रथिनांकडे वळले. म्हणजे मत मोडले, पण प्रयोगाने मोडले. आपल्या प्रश्नासाठी असा काजवा कोणता, हे आपण सांगावे.

निवृत्त प्राध्यापक (भूविज्ञान), कळवा

"वेगेनरलाही लोक हसले होते" हा दाखला अशा चर्चेत हमखास येतो, म्हणून तो आधीच तपासू. खंड सरकतात, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली मांडले. किनाऱ्यांची जुळणी, समुद्राच्या दोन्ही बाजूंचे सारखे जीवाश्म, जुन्या हिमनद्यांच्या खुणा असा त्यांचा पुरावा भक्कम होता. खंडांना ढकलणारी म्हणून त्यांनी जी बले सांगितली ती मात्र फारच क्षीण होती, आणि ते दाखवणारे भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड जेफ्रीज यांचे गणित बरोबरच होते. चूक पुढच्या पायरीवर झाली: कारण सापडत नाही, म्हणून घटनाच घडलेली नाही, असे मानले गेले. पोथीनिष्ठा मी त्या पायरीला म्हणेन.

वेगेनर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावले. आणि खंड सरकल्याचा पुढचा पुरावा कुठे होता? आपल्या पारसिकच्या डोंगरासारख्या काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये. लाव्हा थंड होताना त्यातील मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात, आणि त्या दिशेचा कल मोजला की तो खडक कोणत्या अक्षांशावर थिजला ते काढता येते. दख्खनच्या बेसाल्टची अशी मोजमापे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील गटाने १९५६ साली प्रसिद्ध केली. ही भूमी तेव्हा, म्हणजे आजच्या कालमापनानुसार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, असा त्यांचा अर्थ निघाला. (नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत खडकांच्या चुंबकत्वाचा अभ्यास आजही चालतो.)

मॅडम, म्हणूनच आपले म्हणणे मला अर्धेच पटते. रसायनांतून जाणीव कशी घडते हे सांगता येत नाही, म्हणून ती त्यांतून घडतच नाही, असे कोणी म्हणू लागला तर तो त्याच पायरीवर घसरला, फक्त उलट दिशेने.

शिक्षिका, नौपाडा

सर, ती उलटी पायरी मी चढत नाही, पण माझ्या लिहिण्यातून तसे वाटले असेल तर सुधारते. डॉक्टर, माझ्याजवळ काजवा नाही. तरीही सुई टोचल्यावर कोणत्या मज्जातंतूतून कोणता संदेश गेला हे सगळे सांगून झाले, तरी दुखणे "दुखते" का, हा प्रश्न जागेवरच राहतो. १९९५ साली तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी त्यालाच कठीण प्रश्न म्हटले. सोमवारी त्या मुलीला मी सांगणार आहे की जाणीव मेंदूवर अवलंबून आहे हे दाखवता येते, ती कशी घडते हे अजून कोणी दाखवलेले नाही, आणि माझा "हो" घाईचा होता. सर, पारसिकच्या कातळाचा एखादा नमुना वर्गात दाखवण्यासाठी मिळेल काय?

निवृत्त प्राध्यापक (भूविज्ञान), कळवा

एक आहे, अवश्य न्यावा. त्यावर उत्तर दिशेचा बाण कोरलेला आहे, तो मुलांना आधी दाखवा. डोंगरापासून वेगळा करण्यापूर्वी ती खूण केली नाही, तर नमुना मोजून काहीच कळत नाही.