हुतात्म्यांचं शिल्प: उंच हवं की माणसाएवढं?

तापीकाठ:
सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा घडवणारे राम सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे. त्याचा अभिमान आहेच. पण त्यामुळे खान्देशात हुतात्मा शिल्पाचा विषय निघाला की पहिला प्रश्न "किती फूट?" हाच येतो. नंदुरबारचा शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात पडला तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम हेही त्याच्यासोबत गेले. या पोरांना वीस फुटी केलं की त्यांचं कोवळं वयच हरवतं. साडेसहा-सात फुटांच्या मूर्ती आणि तीन फुटांचा चौथरा पुरे. शाळकरी पोराला त्यांचा चेहरा दिसला पाहिजे.

सातपुडा:
भाऊ, कागदावर हे छान वाटतं. चौकात एसटी, ट्रक, विजेच्या तारा आणि वाढदिवसाचे फ्लेक्स असतात. सात फुटांची मूर्ती त्यात दिसायचीच नाही. मध्य प्रदेशातल्या गांधीसागर धरणावरची राम सुतारांची चंबळ नदीची मूर्ती ४५ फुटांची आहे, छिन्नीने काँक्रीटमध्ये कोरलेली. ती लहान असती तर धरणापुढे कुणाच्या नजरेत भरली असती?

तापीकाठ:
चंबळ नदीचं रूप आहे, तिला तो आकार शोभतो. संसद परिसरातले सुतारांचेच ध्यानस्थ गांधी बघा (१९९३). एवढ्या मोठ्या इमारतीच्या आवारातही १६ फूटच. तारा आणि फ्लेक्स आड येत असतील तर जागा बदला. सार्वजनिक रस्त्यावर नवा पुतळा नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहेच. शाळेचं किंवा नगरपालिकेचं आवार घ्या.

भट्टीवाला:
उंचीचा हिशेब आधी समजून घ्या. उंची दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो, म्हणजे त्याच जाडीला धातू चौपट. वाऱ्याचा दाब चौपट आणि तो दुप्पट उंचीवर लागणार, म्हणून पायथ्याशी उलथवणारा जोर आठपट. बजेट तेवढंच असलं तर काटछाट आतल्या सांगाड्यात होते, कारण ती बाहेरून दिसत नाही. मालवणचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा झाला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला.

सातपुडा:
मग फायबरमध्ये करा. वजन कमी, खर्च कमी, वर ब्राँझचा रंग.

भट्टीवाला:
फायबर सावलीत ठीक. जळगाव-भुसावळचं ४५ अंशांचं ऊन काही वर्षांत वरचा थर खडूसारखा करतं, मग तडे जातात आणि तंतू उघडे पडतात. दर दोन वर्षांनी रंग मारला की नाक-डोळे बुजतात. हुतात्म्याच्या चेहऱ्याचे असे हाल बघवत नाहीत.
ब्राँझ घ्या, पण निविदेत नुसतं "पंचधातू" लिहू नका. ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के, असं लिहा. जाडी किमान ६ मिलिमीटर. प्रत्येक ओतीचा नमुना प्रयोगशाळेत तपासा, कारण भंगारातलं पितळ मिसळलं की जस्त वाढतं. आतला सांगाडा ३१६ स्टेनलेसचा (सहज न गंजणाऱ्या पोलादाचा) हवा. साधं लोखंड ब्राँझला टेकलं आणि ओल लागली की लोखंड झपाट्याने गंजतं, फुगतं आणि सांध्याला आतून फाडतं. दोन्ही धातूंमध्ये निओप्रीनचे (कृत्रिम रबराचे) वॉशर टाका. पायाच्या तळाशी पाणी निघायला भोक ठेवा. हे भोक हमखास विसरतात, मग पावसाळाभर पाय आतून भरलेले राहतात.

सातपुडा:
सांगाड्याचं पटलं. उंचीचं अजून नाही. बारा फूट तरी हवेतच, पाच जणांचा समूह लांबून एकत्र दिसायला हवा.

तापीकाठ:
मग वाद जागेवरच मिटवू. मातीचं मॉडेल कला संचालनालयाच्या मंजुरीला जाण्याआधी प्लायवूडचे दोन आकार कापा, सात फुटी आणि बारा फुटी. ठरलेल्या जागी चौथऱ्याच्या उंचीवर उभे करा. भर दुपारी आणि दिवेलागणीला, चारही बाजूंनी पाहा. प्लायवूड बदलता येतं, ओतलेलं ब्राँझ नाही.

सातपुडा:
चालेल. पण शंभर फुटांवरूनही बघायचं, फक्त चौथऱ्याजवळून नाही.