दगडी लघुग्रह, खडकाळ लघुग्रह की पाषाणी?

प्रश्न (अंबाजोगाई): नमस्कार. सातवीच्या पोरांसाठी लघुग्रहांचा तक्ता करतोय. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला जूनो, १८०४ साली हार्डिंगनं शोधलेला, एका ठिकाणी ‘खडकाळ’ लिहिलाय, दुसरीकडं ‘पाषाणी’. काय लिहावं?

उत्तर (मंठा): सर, सरळ ‘दगडी’ लिहा. आपल्याकडं खडकाळ असतं ते रान. वीतभर माती, खाली नांगर अडतो, ते रान खडकाळ. वस्तू कशाची घडलीय हे त्यातून कळत नाही. दगडी जातं, दगडी बारव म्हटलं की तेच आधी कळतं. जूनो ज्या एस-प्रकारात, म्हणजे दगडी लघुग्रहांच्या गटात, मोडतो, तो प्रकारही लघुग्रहावरून परतणारा सूर्यप्रकाश तपासूनच ठरवतात. त्यावरून ऑलिव्हीन, पायरॉक्सीन ही सिलिकेट खनिजं ओळखू येतात. सोबत लोह-निकेलही असतं. यातलं पायरॉक्सीन आपल्या विहिरीतून निघणाऱ्या काळ्या दगडातही आहे. त्याचा एक तुकडा पोरांच्या हातात द्याच. फक्त आपला दगड लाव्हा थिजून झालाय, तेव्हा दोन्ही एकच नव्हेत, एवढं बजावून सांगा.

‘पाषाणी’ चूक नाही, पण सातवीला जड जाईल.

उत्तर (परभणी): दादांचं पटतं. एक भर घालते. ‘दगडी’ वाचून पोरं सगळे लघुग्रह एकसंध धोंडे समजतील, तसं होऊ देऊ नका. इटोकावा एस-प्रकारातलाच, पण फिरतो पृथ्वीच्या जवळपास. २००५ मध्ये जपानच्या हायाबुसा यानानं तो जवळून पाहिला, तर गुरुत्वानं कसाबसा धरून ठेवलेला दगडगोट्यांचा ढीग निघाला! त्याचे बारीक कण २०१० मध्ये पृथ्वीवर आले आणि आपल्याकडं सर्वांत जास्त पडणाऱ्या अशनींशी जुळले. हे अशनी येतात कुठून, याचा इतका थेट पुरावा आधी हाती नव्हता. तक्त्यात दोन ओळी यासाठी ठेवाच.

प्रश्न (अंबाजोगाई): ठेवतो, ताई. मग सायकी या लघुग्रहाला ‘लोखंडी’ म्हणावं का?

उत्तर (मंठा): नको, सर. सायकीत धातू बराच असावा, पण तो सगळाच धातूचा आहे असं मानत नाहीत. २०२३ मध्ये निघालेलं यान २०२९ मध्ये तिथं पोचायचंय. तोवर ‘धातुबहुल’ लिहा.