डुकरांमध्ये मरतुक सुरू झाली आहे. कळवले तर सगळीच मारतील का?

कोयनाकाठ (ता. कराड) यांचा प्रश्न

नमस्कार. महामार्गापासून तीन किलोमीटर आत माझे लहानसे वराहपालन आहे. सहा माद्या, एक नर, घरची वीस पिल्ले आणि अठरा दिवसांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून घेतलेली आठ पिल्ले, अशी एकूण ३५ जनावरे होती. विकतची पिल्ले कर्नाटकातून आणल्याचे व्यापारी सांगत होता, पण त्याने आरोग्याचा कोणताही दाखला दिला नाही आणि स्वस्तात मिळत आहेत म्हणून मीही मागितला नाही.

सोमवारी त्या आठांपैकी एक मेले, बुधवारी दुसरे. काल सकाळी घरचे एक चाळीस किलोचे पिल्लू गव्हाणीपाशी मरून पडलेले सापडले. त्याच्या कानांचे शेंडे आणि पोटाखालची कातडी पिकलेल्या जांभळासारखी झाली होती. दोन माद्यांनी खाणे सोडले असून एकीचा ताप थर्मामीटरवर १०६ भरला. खाद्य म्हणून मी महामार्गावरच्या तीन ढाब्यांचे खरकटे आणतो, वर भुसा आणि मक्याचा भरडा देतो.

गावात तीन प्रकारचे सल्ले मिळत आहेत. एक जण म्हणतो की उरलेली लगेच विकून टाक, आणि तोच व्यापारी अर्ध्या किमतीत उचलायला तयारही आहे. दुसरा म्हणतो की मेलेली रात्री कालव्यात सोड आणि गप्प राहा. तिसऱ्याचे म्हणणे असे की सरकारी दवाखान्यात कळवले तर पथक येऊन सगळा कळप मारून टाकेल आणि हाती काही पडणार नाही. शेजारचे लोक याला स्वाइन फ्लू समजून आमच्या घरचे दूध घ्यायचे बंद झाले आहेत, ते वेगळेच. मेलेली तिन्ही मी शेडमागे पुरली आहेत. कायदा नेमके काय सांगतो आणि माझ्यासारख्याने या घडीला काय करावे, हे कोणी जाणकार सांगेल का?

निवृत्त पशुधन विकास अधिकारी यांचे उत्तर

आपण वर्णन केलेली लक्षणे दोन रोगांत जवळपास सारखीच दिसतात. एक आपल्याकडे पूर्वापार असलेला स्वाइन फीव्हर आणि दुसरा आफ्रिकन स्वाइन फीव्हर, जो भारतात २०२० मध्ये प्रथम आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला आणि २०२२ मध्ये केरळात वायनाडपर्यंत पोहोचला. चाळीस वर्षे डुकरे पाळणाऱ्यालाही नुसत्या डोळ्यांनी यांतला फरक सांगता येत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो, आणि पुढचे सगळे त्यावरच ठरते, कारण पहिल्यावर लस आहे आणि दुसऱ्यावर आज आपल्या देशात लसही नाही आणि उपचारही नाही. शेजाऱ्यांना मात्र आजच निःशंकपणे सांगा की २००९ मध्ये पुण्यात ज्याने हाहाकार उडवला तो स्वाइन फ्लू निराळा. हे दोन्ही ताप माणसाला होत नाहीत, आणि दुधाचा तर यांच्याशी काडीचाही संबंध नाही.

आता कायद्याबद्दल. २००९ चा प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम देशभर लागू असून त्याच्या अनुसूचीत हे दोन्ही रोग आहेत. कलम ४ प्रमाणे आपल्या जनावराला अनुसूचित रोग झाला असावा असे ज्याला वाटते, त्याने ते गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवलेच पाहिजे. खात्री असण्याची अट नाही, वाटणे पुरेसे आहे. तिथून ती खबर पशुवैद्यकाकडे जाते, पण आपण तेवढी वाट न पाहता थेट जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. कलम ५ प्रमाणे आजारी जनावरे निरोग्यांपासून वेगळी ठेवणे, त्यांना सामाईक पाणवठ्यावर व चराईवर जाऊ न देणे ही मालकाची जबाबदारी आहे. मेलेले रोगी जनावर नदीत, तळ्यात वा कालव्यात टाकणे हा त्याच कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे. खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या कालव्याच्या पाण्यावर किती गावे जगतात हे मी आपल्याला सांगायला नको.

आपल्या मुख्य शंकेचे उत्तर असे की कळवल्याबरोबर कोणीही डुकरे मारायला येत नाही. आधी नमुने घेतले जातात. जिवंत आजारी जनावराचे रक्त आणि मेलेल्याची पानथरी (प्लीहा) व लसिकाग्रंथी बर्फात ठेवून पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात, आणि आफ्रिकन तापाचे अंतिम निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. तिथून होकार आल्यावरच केंद्राचा २०२० चा कृती आराखडा लागू होतो. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरपर्यंतचा भाग बाधित क्षेत्र मानून त्यातली सर्व डुकरे मारली जातात आणि दहा किलोमीटरपर्यंतच्या भागावर निगराणी ठेवली जाते.

भरपाईबद्दल मात्र नीट समजून घ्या. ती वजनावर ठरते: १५ किलोपर्यंत २,२०० रुपये, ४० किलोपर्यंत ५,८००, ७० किलोपर्यंत ८,४००, १०० किलोपर्यंत १२,००० आणि त्यापुढे १५,००० रुपये. निम्मा वाटा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा असतो. ही रक्कम सरकारने मारलेल्या जनावरांची आहे. रोगाने आधीच मेलेल्यांचे काही मिळत नाही. आपली तीन गेली ती गेली. जी ३२ उरली आहेत त्यांतली रोज एक-दोन मरत राहिली, तर आपण गप्प बसून वाचवणार ते काय? लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ साधारण ४ ते १९ दिवसांचा असतो, त्यामुळे आज टुणटुणीत दिसणारी पिल्लेही आतून बाधित असू शकतात, आणि नेमकी तीच व्यापारी अर्ध्या किमतीत न्यायला निघाला आहे.

एक विनंती. मेलेले जनावर स्वतः फाडून पाहू नका. त्याच्या रक्तात विषाणू खच्चून भरलेला असतो आणि एकदा तो शेडच्या मातीत सांडला की पुढची बॅच घेताना तोच आडवा येतो.

खरकट्याविषयीही बोललेच पाहिजे, कारण आपण ते ओघात सांगून गेलात. १९५७ मध्ये हा रोग आफ्रिकेबाहेर पोर्तुगालमध्ये पोहोचला तो लिस्बनच्या विमानतळाजवळच्या डुकरांना विमानांतले उरलेले अन्न खायला घातल्यामुळे, असे मानले जाते. डुकराच्या मांसाचा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला तुकडा त्यात असला की पुरते, आणि गोठवलेल्या मांसात हा विषाणू महिनोन्महिने टिकतो. ९० अंशांवर तासभर, सतत ढवळत शिजवलेले खरकटे सुरक्षित मानले जाते. चुलीवर डबा ठेवून उकळी फुटली की उतरवणे म्हणजे शिजवणे नव्हे.

वाळव्याचा वराहपालक

साहेबांनी सांगितलेले सगळे बरोबर आहे, फक्त कार्यालयाचा अनुभव मी सांगतो. माझ्याकडे मरतुक झाली तेव्हा मी आमच्या भागातल्या एका दवाखान्यात तोंडी सांगून आलो. तिथे उत्तर मिळाले की डुकरांची लस आता शिल्लक नाही, मंगळवारी या. मंगळवारी डॉक्टर शिबिराला गेलेले. पुढच्या मंगळवारपर्यंत माझी अकरा जनावरे गेली आणि मी कळवले होते याचा कागदोपत्री कुठेही मागमूस नव्हता. म्हणून तुम्ही लेखी अर्ज द्या, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख टाकून घ्या, त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत देऊन तिथलीही पोच घ्या. अर्जात एकूण किती, आजारी किती, मेलेली किती आणि कुठून विकत घेतली हे सगळे लिहा. आजच प्रत्येक जनावराचे वजन करून वहीत मांडा आणि काट्यावर उभे असतानाचा फोटो काढून ठेवा. ३८ किलोचे पिल्लू आणि ४२ किलोचे पिल्लू यांच्या भरपाईत २,६०० रुपयांचा फरक आहे, आणि आठ दिवस आजारी राहिलेले जनावर किती वजन गमावते हे तुम्ही जाणताच.

त्याहून वाईट गोष्ट सांगतो, ती माझीच आहे. अकरा गेल्यावर घाबरून मी उरलेली चौदा एका व्यापाऱ्याला विकली. दोन महिन्यांनी आठवडी बाजारात माझ्या आतेभावाचा मेहुणा भेटला. त्याने त्या चौदातलीच चार घेतली होती आणि त्याची सगळी दावण रिकामी झाली होती. ती डुकरे माझी होती हे त्याला आजही माहीत नाही. मी चहाचे पैसे देऊन घरी आलो.

माणदेशी वकील

कायद्याचे इतके कौतुक ऐकल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. या अधिनियमात साध्या उल्लंघनाला पहिल्यांदा एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. बारा हजारांचे डुक्कर लपवून सहा हजारांना विकणाऱ्याला हा दंड कसली भीती घालणार? त्यामुळे खबर मिळावी असे शासनाला वाटत असेल, तर ती दंडाने नव्हे, भरपाईच्या भरवशावरच मिळेल, आणि तिथेच गाडे अडते. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा याच कायद्याखाली सगळे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले, बाजार बंद झाले, आणि रोगाने *मेलेल्या* गाईमागे ३०,००० व बैलामागे २५,००० रुपये शासनाने दिले. डुक्कर रोगाने मेले तर शून्य. गाय पाळणारा सोसायटीचा सभासद असतो, दूध संघाचा मतदार असतो. गावाच्या कडेला चार डुकरे पाळणाऱ्याच्या मागे कोण उभे राहणार?

एक किलोमीटरच्या वर्तुळात नेमका हाच माणूस सापडतो. मोकाट सोडलेल्या डुकरांची त्याच्याकडे ना नोंदवही असते ना वजनाचा फोटो, त्यामुळे जनावरे जातात आणि कितींचे पैसे द्यायचे यावर वाद उरतो. कलम २० वाचताना मला नेहमी गंमत वाटते. बाधित क्षेत्र जाहीर करायचे ते स्थानिक वृत्तपत्रात छापून आणि दवंडी पिटवून, असे एकविसाव्या शतकातला कायदा सांगतो. मला मात्र त्यातली दवंडीच जास्त उपयोगाची वाटते, कारण वाडीवरच्या वराहपालकापर्यंत तीच पोहोचेल.

निवृत्त पशुधन विकास अधिकारी

वकीलसाहेबांचा लम्पीचा मुद्दा मी नाकारत नाही. मेलेल्या जनावराचे पैसे न देण्यामागे हेतू असा असतो की मालकाने मरेपर्यंत थांबू नये, पहिल्या तापालाच कळवावे. पण हा हेतू तेव्हाच साधतो जेव्हा पथक लगेच येते आणि पैसे वेळेवर मिळतात. नोकरीत असताना निदानाचा अहवाल येईपर्यंत निम्मा कळप संपलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि त्या मालकाला नियम समजावून सांगताना माझी मान वर होत नव्हती. गाईत आणि डुकरात केलेल्या भेदाचे समर्थन माझ्याजवळ नाही.

कोयनाकाठ, आपण अजून काही लिहिले नाही म्हणून सांगतो. दवाखान्यातून कोणी येईपर्यंत शेडमध्ये एकाच माणसाने जावे, त्याच्या चपला आणि कपडे तिथेच राहावेत. दारात दोन टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचे घमेले ठेवा, हाताला मात्र लागू देऊ नका, भाजते. शेडमागे पुरलेली तिन्ही किती खोल आहेत? कुत्र्यांनी उकरली तर सगळे मुसळ केरात. वर चुना टाकून मातीचा चांगला थर द्या. ऊस तोडून झालेल्या रानातून रानडुकरे येत असतील तर तीही हा रोग घेतात, म्हणून शेडभोवती निदान काट्यांचे कुंपण तरी आजच घाला.

कोयनाकाठ (ता. कराड)

सर्वांचे आभार. उशीर झाला, कारण कालचा सगळा दिवस धावपळीत गेला. सकाळी लेखी अर्ज दिला आणि आवक क्रमांक घेतला. ग्रामपंचायतीत हा अर्ज आमच्याकडे कशाला, असे विचारले, तेव्हा कलम ४ चा उल्लेख दाखवला आणि पोच मिळाली. दुपारी दोन डॉक्टर आले. रात्री आणखी एक मादी मेली होती, तिचीच पानथरी त्यांनी काढली. एरवी हाताएवढी असते म्हणाले, ही कोपरापर्यंत लांब, काळपट आणि हात लावताच फुटेल अशी होती. ती थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवून आणि चार जनावरांचे रक्त घेऊन ते संध्याकाळी पुण्याला रवाना झाले. जाताना मोठ्या डॉक्टरांनी व्यापाऱ्याचा नंबर मागितला आणि त्याने आणखी कुठे कुठे पिल्ले दिली हे त्याच्याकडून काढून घ्यायला सांगितले.

वजने केली आहेत. ३१ जनावरे, सगळ्यांचे फोटो. मेलेल्या तिन्हींवर पुन्हा चुना आणि चार घमेली माती टाकली. ढाब्यांना खरकटे नको म्हणून कळवले. शेजारच्या वस्तीवर ज्यांची सात डुकरे मोकळी फिरतात, त्यांच्याकडे रात्री जाऊन आलो. आमची दोघांची शेडे पाचशे मीटरवर आहेत, म्हणजे अहवाल वाईट आला तर त्यांचीही जाणार. त्यांनी ऐकून घेतले, काही बोलले नाहीत, आणि सकाळी पाहिले तर सातही जनावरे दावणीला बांधलेली होती. मी माझा वजनकाटा त्यांच्याकडे नेऊन ठेवला आहे.

आत्ता हे लिहीत असताना व्यापाऱ्याचा तिसरा फोन येऊन गेला. अहवाल आला की इथेच कळवतो.