गालाचं हाड चिरलं, तरी अँटिबायोटिक नाही?

महालकर: परवा रिंग रोडवर भाच्याची गाडी घसरली. सीटी स्कॅनमध्ये गालाच्या हाडाला चीर निघाली. हाड सरकलं नाही, कातडी फाटली नाही, ऑपरेशन नको म्हणाले. दुखण्याच्या गोळ्या दिल्या अन् ताकीद, नाक शिंकरायचं नाही. अँटिबायोटिक काहून नाही दिलं? मीच अँटिबायोटिकची ६२५ ची पट्टी आणून दिली. चुकलो का?

दातवाली ताई: चुकलात भाऊ. बंद फ्रॅक्चर, त्यात ऑपरेशन नाही, मग आधीच अँटिबायोटिक देऊन काही साधत नाही. अमेरिकेतल्या सर्जिकल इन्फेक्शन सोसायटीचं मार्गदर्शनही हेच आहे. जुलाब मात्र लागू शकतात. ती नाकाची ताकीद गोळीपेक्षा मोलाची आहे. त्या हाडामागे सायनस, म्हणजे हवेची पोकळी असते. जोरात शिंकरलं की हवा चिरेतून डोळ्याभोवती शिरते.

खामल्याचा काका: कागदावर सगळं छान! माझा खालचा जबडा मोडला होता, दातांच्या रांगेतच. प्लेट बसवल्यावर पाच दिवस गोळ्या खाल्ल्या, पू झाला नाही. काटोलसारख्या लांबच्या गावचा पेशंट घरी गेला अन् पू धरला, तर परत येणार कधी? म्हणून डॉक्टर लिहून देतात.

दातवाली ताई: काका, तुमची गोष्ट निराळी. दातांच्या भागात जबडा मोडला की हिरडी फाटते, हाड लाळेला उघडं पडतं. तिथे ऑपरेशनच्या वेळी अँटिबायोटिक द्यायचंच. २४ तासांपुढे ओढून मात्र जास्तीचा फायदा दिसलेला नाही. तुमचा पू पाचव्या दिवसाच्या गोळीनेच टळला, हे कशावरून?

खामल्याचा काका: अन् नाही टळला, हे कशावरून? इथला माणूस शुगर तपासत नाही, तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडत नाही.

वॉर्डातली सिस्टर: खर्ऱ्याचं खरं आहे बाप्पा! तारांनी दात बांधलेले, तरी गालात खर्रा कोंबणारे पाहिलेत. त्यांना गोळ्या वाढवून काय होणार? क्लोरहेक्सिडीनच्या जंतुनाशक गुळण्या करायला लावा, शुगर आटोक्यात आणा. पण ताई, ऑपरेशनचा नंबर आठवडाभर लागत नाही, त्या उघड्या जबड्याचं काय?

दातवाली ताई: तिथे माझाही हात अँटिबायोटिक लिहायला जातो, कबूल.

महालकर: भाच्याने दोन गोळ्या घेतल्यात. कोर्स पुरा करावा लागतो ना?

दातवाली ताई: ज्याची गरजच नव्हती, त्याचा कोर्स कसला? त्याच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा अन् थांबवा. डोळा सुजला, दिसायला दोन-दोन लागलं, तर थेट दाखवायला न्या.

महालकर: अन् शिंक आली तर?

दातवाली ताई: नाक दाबून अडवायची नाही. तोंड उघडं ठेवून शिंकू द्या.