‘दीन’ की ‘लीन’?

(चार ख्रिस्ती वाचकांमधील चर्चा; बोलणाऱ्याची ओळख त्याच्या गावाच्या नावाने.)

खानापूर : उपवासकाळासाठी (ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस) एका कन्नड चिंतनाचे मराठी भाषांतर करताना अडले आहे. कन्नडमध्ये ख्रिस्ताच्या नम्रतेला ‘दीनते’ म्हणतात आणि लेखकाने पानोपानी तोच शब्द योजला आहे. मी ‘दीनता’ असे लिहिले, तर आमच्या सभेतील एक ज्येष्ठ म्हणाले की मराठी वाचकाला त्यातून केविलवाणेपणाच जाणवेल. मग काय लिहावे?

निपाणी : त्यांचे बरोबर आहे, ताई. मत्तय ११:२९ मध्ये आपले मराठी बायबल ‘मनाचा सौम्य व लीन’ असे म्हणते. ‘आत्म्याने दीन’ हे मत्तय ५:३ मध्ये येते आणि तिथल्या ग्रीक शब्दाचा अर्थ भिकेला लागलेला असाच आहे. दीनाला हात पसरावाच लागतो. लीन माणूस आपण होऊन वाकतो. कन्नडच्या संगतीने हा भेद पुसू नये.

बेळगाव : गुरुजी, मग लूक १८ मधल्या दाखल्यात परुशाबरोबर (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) मंदिरात प्रार्थनेला गेलेला जकातदार कोणत्या रांगेत बसवायचा? दूर उभा राहून, वर पाहण्याचेही धाडस न करता तो ऊर बडवतो, तेव्हा तो दीनही असतो आणि लीनही. उलट परुशी खोटे बोलत नाही. आठवड्यातून दोनदा उपास आणि उत्पन्नाचा दशांश हा त्याचा हिशेब खराच असावा, पण शेजारच्याकडे बोट दाखवून तो मांडला की प्रार्थनेची फुशारकी होते. माणसाचा स्वभावच असा आहे की आपण लीन आहोत हे ध्यानात येताच तो परुशाच्या जागी जाऊन उभा राहतो. (‘मी अगदी साधा माणूस’ अशी सुरुवात झालेले भाषण लवकर आटोपल्याचे कोणाला आठवते का?) म्हणून मी ‘दीनता’च ठेवीन.

चिकोडी : ‘दीन’ संस्कृतातला आहे, त्यावर कन्नडचा शिक्का कशाला? उलट ‘लीन’च्या मुळाशी चिकटणे, विरून जाणे आहे. ख्रिस्ती भक्त देवापुढे वाकतो, देवात विरत नाही.

निपाणी : धातू काहीही सांगो, ‘लीन’ म्हणताना विरघळण्याचा विचार कोण करतो? रूढी बलवान.

खानापूर : त्याच चिंतनात पुढे ‘सात्त्विक’ आले आहे. कन्नड बायबलात ते ‘सौम्य’च्या जागी येते, तर आपल्याकडे १ करिंथ ५:८ मध्ये ‘सात्त्विकपणा’ म्हणजे निष्कपटपणा.

बेळगाव : आणि आमच्या घरी सात्त्विक म्हणजे कांदा-लसूण नसलेले जेवण. ‘निष्कपट’ लिहा.

चिकोडी : त्याच वचनात ‘बेखमीर भाकरी’ (न आंबवलेल्या) आहेत. आपल्या जोंधळ्याच्या भाकरीत खमीर असते तरी कधी?