कुत्रं दारात शोभतं म्हणणाऱ्या अण्णांना

टिळकवाडीची सून

काल आपल्या बेळगावातल्या अनगोळच्या अण्णांनी इथं लिहिलं: "कुत्रं दारात शोभतं, सोफ्यावर नाही. आईबापाला गावात एकटं टाकायचं आणि लॅब्राडोरला लेकरू म्हणून केक कापायचा, ही प्रेमाची नवी फॅशन." वर ढीगभर अंगठे. रात्री उत्तर लिहिलं, खोडलं. सकाळी कुकर लावून परत बसले, कारण डोक्यातून जाईना.

अण्णा, आमच्या सोफ्यावर बसतो तो कुत्रा माझा नाही, माझ्या सासूबाईंचा आहे. वय ७४. सगळा जन्म निपाणीकडं, तंबाखूच्या घरात. तिथं कुत्र्यानं उंबरा ओलांडला तर लाटणं फेकून मारायच्या, हे मी डोळ्यानं बघितलंय. सासरे गेले आणि आम्ही त्यांना इथं आणलं. चार महिने "हो", "नको" आणि "झोपते" याच्या पलीकडं शब्द नाही. मग शेजारचे बदली होऊन गेले आणि त्यांचा ब्रूनो आमच्या गळ्यात पडला. दोन दिवस ठेवून घ्या म्हणाले होते. तीन वर्षं झाली.

आता पहाटे पाचला तो त्यांच्या खाटेच्या काठावर हनुवटी टेकून उभा राहतो. भुंकत नाही, नुसता श्वास सोडतो. "उठले रे बाबा, उठले," मग दिवस सुरू. नळाला पाणी आलं नाही हे त्याला सांगतात, मेथीची पेंडी केवढ्याला झाली तेही. माझ्याबद्दलच्या तक्रारीही त्यालाच. स्वयंपाकघर आणि त्यांची खोली यात एकच भिंत, त्यामुळं सगळं ऐकू येतं. एकदा सांगत होत्या, मामंजींनी न विचारता त्यांच्या पाटल्या मोडल्या आणि विहिरीवर मोटर बसवली. "मी काय नाही म्हटलं असतं व्हय? पण विचारायचं तरी." हे त्यांनी ना लेकाला सांगितलेलं, ना लेकीला. तुमच्या दारातल्या कुत्र्याला आत घेऊन कोण सांगणार हो हे?

आणि केक आम्ही कापत नाही.

अनगोळचा अण्णा

वहिनी, सासूबाईंना नमस्कार सांगा. तुमच्याबद्दल लिहिलं नव्हतं, पण टोपी बसली तर मी काय करू?

माझ्या समोरच्या बिल्डिंगात तिसऱ्या मजल्यावर हस्की आहे. बर्फात गाडी ओढणारी जात, अंगावर केसांचे दोन थर. नवरा-बायको दोघं नोकरीला. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ते जनावर बाल्कनीत. एप्रिलमध्ये ते फरशी उकरत होतं, गारवा सापडेल म्हणून. रविवारी त्याला गॉगल घालून फोटो काढतात. त्याला प्रेम म्हणायचं असेल तर माझा रामराम.

एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या ब्रूनोचं वजन किती?

टिळकवाडीची सून

वजनाचा इथं काय संबंध?

अनगोळचा अण्णा

म्हणजे लई आहे.

भीमगडचा शेजारी

तुम्ही शहरातली माणसं कशावर भांडूलाय ते बघून हसू येतंय. आमच्या खानापूरच्या रानाकडं कुत्रं दारातच झोपतंय आणि दारातनंच जातंय. बिबट्या नेतोय. म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा. बिबट्या मानगूट धरतो, खिळे टोचले तर सोडतो. कधी सोडतो, कधी न्हाई.

आमच्या बापानं कुत्र्याच्या डोक्यावरून कधी हात फिरवलेला मी बघितला न्हाई. "हाड" आणि "ये" एवढंच बोलणं. पण जेवायला बसायच्या आधी भाकरी ताकात कुस्करून त्याची थाळी भरायची, मग आपली. पहिलं कुत्रं गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी बाप ओढ्याकडं गेला आणि पट्टा घेऊन आला. दोन खिळे वाकलेले. घरी दगडावर ठोकून सरळ केले आणि खुंटीला अडकवला. तोच पट्टा आता तिसऱ्या कुत्र्याच्या गळ्यात आहे. ह्याला अण्णा काय म्हणणार, दारातलं की सोफ्यावरचं?

शिकारी नजर

मुळात लॅब्राडोर, हस्की ही थेरं कशाला? शंभर-सव्वाशे किलोमीटरवर मुधोळ आहे. मुधोळ हाउंड पाळा. २००५ साली टपाल खात्यानं भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात हा होता. २०१६ पासून सैन्यानं मेरठला नेऊन प्रशिक्षण दिलं. खर्च कमी, आजार कमी, आणि पळायला लागला की ससा सुटत नाही. शिवाय मुधोळचे घोरपडे म्हणजे मराठा संस्थानिक. मालोजीराव घोरपड्यांनी ही जात वाढवली, पंचम जॉर्जला भेट दिली. आपलाच कुत्रा आहे तो.

गोकाकचं करदंट

"आपलाच" म्हणजे कुणाचा? आई कन्नड, बाप मराठी, म्हणून मला हा शब्द लगेच टोचतो. मुधोळ बागलकोट जिल्ह्यात. कवी रन्नाचा मुलूख. कुत्र्यांचं संशोधन केंद्र तिथं तिम्मापूरला आहे आणि ते बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं, म्हणजे कर्नाटकाचं. नाव मुधोळचं, माती मुधोळची, आणि कुत्रा तुमचा?

शिकारी नजर

महाराष्ट्रात याच कुत्र्याला कारवान म्हणतात आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावरही तो कारवान हाउंडच आहे. जरा वाचत जा.

गोकाकचं करदंट

वाचलंय. इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या कागदावर तो मुधोळ हाउंड आहे, ते सोयीनं गाळलंत. आणि वाचायचंच तर पुढचंही वाचा. मालोजीरावांनी ही कुत्री बेडर जमातीच्या हाताशी बघितली. शिकारीला नेणारे, रात्री शेजारी घेऊन झोपणारे बेडर. राजानं त्यांच्याकडनं घेतली, निवडून वाढवली, साहेबाला दिली आणि नाव राजाचं झालं. त्यामुळं मराठा की कन्नडिगा हा वाद तुम्ही-आम्ही घालायचाच नाही. ज्यांचा कुत्रा होता त्यांना कुणी विचारलेलं नाही.

तिसऱ्या गेटचा प्रवासी

झालं. पाट्या झाल्या, बसवरची नावं झाली, आता कुत्र्यालाही सीमाभागात आणला. दोन राज्यांचे वकील सर्वोच्च न्यायालयात भांडतायत ते पुरे नाही काय?

शिकारी नजर

बेडरांचं मान्य. मान्य म्हणजे काय, पुतळा बांधू त्यांचा, उद्घाटनाला तुमच्या गोकाकची करदंट मिठाई आणा. पण घोरपडे नसते तर ही जात लांडग्यासारखी रानात संपली असती, एवढं तरी कबूल करा.

गोकाकचं करदंट

राजानं जात टिकवली हे कबूल. करदंट तुमच्या पैशानं.

शहापूरची बाई

कुणाचं कुत्रं ते ठरलं की सांगा, मग माझ्या भाच्याला कुणाच्या कुत्र्यानं चावलं ते मी विचारते. सात वर्षांचं पोर. शिकवणीहून येताना पोटरीला. चार दिशांना चार माणसं, एक म्हणतो हळद लावा, एक म्हणतो मिरची. माझ्या बहिणीनं नळाखाली बसवून साबणानं पंधरा मिनिटं जखम धुतली, तेवढं शहाणपण तिला होतं. पहिल्या दवाखान्यात लस होती, पण जखमेत द्यायचं सीरम नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यात "उद्या या". तिसरीकडं मिळालं, रात्री अकराला. मग शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस, असे लसीचे दिवस मोजत बसलो. पोर अजून कुत्रं दिसलं की रस्ता बदलतंय. तुमच्या प्रेमाच्या गोष्टी वाचताना मला ते साबणाचं पाणी आठवतं.

तिसऱ्या गेटचा प्रवासी

म्हणूनच ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सगळी भटकी कुत्री उचला म्हटलं होतं ना.

शहापूरची बाई

ते दिल्लीपुरतं, आणि अकरा दिवसांत बदललं. नसबंदी करा, लस द्या, उचलली तिथंच सोडा, फक्त पिसाळलेली आणि अंगावर येणारी ठेवून घ्या. आमच्या गल्लीतली कुणी उचललीच नाहीत, तर सोडायची कुठनं? आणि भाच्याला चावलेलं भटकं नव्हतं. गळ्यात पट्टा होता. मालकानं आजतागायत लसीचं कार्ड दाखवलेलं नाही.

टिळकवाडीची सून

बाई, यात मी तुमच्याच बाजूनं. ब्रूनोचं कार्ड देवाच्या फोटोमागं ठेवलंय, दर वर्षीचा शिक्का आहे. फोटो टाकू?

शहापूरची बाई

नको. तुमच्यासारख्यांना विचारावं लागत नाही, हीच तर अडचण आहे.

भीमगडचा शेजारी

अण्णानं माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं न्हाई. पट्टा दारातला की सोफ्यावरचा?

अनगोळचा अण्णा

देतो. एवढं टोचताय तर ऐका.

आम्ही मूळचे येळ्ळूरचे. मोत्या म्हणून कुत्रं होतं, साधं गावठी, एक कान पडका. मी नोकरी लागून अनगोळला भाड्याची खोली घेतली आणि मोत्याला गावात थोरल्या भावाकडं ठेवला. आठवड्यात तो चालत अनगोळला आला. कसा वास काढला देव जाणे. घरमालक म्हणाला, कुत्रं चालणार नाही. सायकलवरनं परत नेऊन सोडला. परत आला. परत नेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा पुढच्या पायाचा पंजा फाटला होता. टेंपोत घालून नेला, भावाला म्हटलं साखळीनं बांध, मी इथनं निघेपर्यंत सोडू नकोस. टेंपो सुरू झाला तेव्हा तो भुंकला नाही, उभा राहून नुसता बघत होता. त्यानंतर आला नाही. भावाला मी कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं, कुत्रं दारातच शोभतं, जीव लावायचा नाही. आता तुम्ही सगळे मिळून त्याला फॅशनविरोधी लेख म्हणताय तर म्हणा. हस्कीबद्दलचा एक शब्दही मी मागं घेत नाही.

भीमगडचा शेजारी

अण्णा, चूक झाली गा. विचारायला नको होतं.

शिकारी नजर

ते मुधोळ असतं तर येळ्ळूर-अनगोळ दहा मिनिटांत...

गोकाकचं करदंट

तुम्ही गप्प बसा हो.

टिळकवाडीची सून

४१ किलो.

डॉक्टर म्हणाले ३२ च्या वर नको, मागच्या पायांचे सांधे धरतील. मी चपाती बंद केली तर सासूबाई पदराखाली तूप लावून देतात. पकडलं तर म्हणतात, "तो उपाशी राहिला तर मी कुणाशी बोलू?" ह्याच्यावर काय करायचं ते कळत नाही. माझे गुडघे गेलेत, त्याला लांब फिरवता येत नाही, नवरा सकाळी उठत नाही. जिन्यावर तो आता दोनदा थांबतो.

अनगोळचा अण्णा

मी रोज सहाला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चार फेऱ्या मारतो. नवऱ्याला सांगा, फक्त गेटपर्यंत आणून सोडायचं. पट्टा जाड आणा, ४१ किलोचं जनावर ओढलं तर मी पडेन. आणि सासूबाईंना सांगा, तूप आजपासून बंद.

टिळकवाडीची सून

सांगितलं. त्या म्हणतात, तुम्हीच येऊन सांगा.