मदत हवी आहे: ऑपरेशनआधी पप्पांना रुग्णाभ्यंग हवा आहे, आई घाबरली आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही वसईचे कॅथलिक. पप्पा ७८ वर्षांचे आहेत. हृदयाची झडप बदलायचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात मुंबईत ठरलंय आणि धोका आहे हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. परवा पप्पांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जायच्या आधी फादरांना बोलाव, तेल घेतो." म्हणजे रुग्णाभ्यंग, फादर प्रार्थना करून आजाऱ्याला पवित्र तेल लावतात तो आमचा संस्कार. आईच्या कानावर गेलं आणि ती रडायलाच लागली. तिच्या माहेरी आजोबांना धाप लागली तेव्हा फादर आले, बायका रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणायला बसल्या आणि पहाटे आजोबा गेले. तेव्हापासून फादर तेल घेऊन आले म्हणजे माणूस चालला, हे तिच्या मनात घट्ट बसलंय. वर आळीत बातमी पसरेल, लोक निरोप घेतल्यासारखे भेटायला येतील, ही भीती वेगळीच. आत्याही तिच्याच बाजूने बोलते.

पप्पांची इच्छा मला मोडायची नाही. आईपासून लपवूनही काही करायचं नाही. ऑपरेशनसाठी हा संस्कार घेता येतो का? घरी घ्यावा की हॉस्पिटलात? माझी बायको हिंदू आहे, तिला तिथे थांबता येईल ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आईची समजूत कशी काढू?

प्रतिसाद १

नक्की घेता येतो. गंभीर आजारामुळे ऑपरेशन होत असेल तर त्याआधी अभ्यंग देता येतो, हे विधीच्या पुस्तकातच आहे. मरणाच्या दारात असलेल्यांसाठीच हा संस्कार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६३ मध्येच सांगितलं. आजारपणाने किंवा म्हातारपणाने जिवाला धोका सुरू झाला की तीच योग्य वेळ. पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये विधीही नव्याने ठरवून दिला. माणूस बरा होऊन पुन्हा गंभीर आजारी पडला, किंवा त्याच दुखण्यात प्रकृती आणखी ढासळली, तर पुन्हा घेता येतो.

कपाळाला आणि तळहातांना तेल लावताना फादर काय मागतात ते आईंना ऐकवा. प्रभूने पवित्र आत्म्याच्या कृपेने या माणसाला साहाय्य करावं, पापांतून मोकळं करावं, तारावं आणि उठवावं. यात निरोप कुठे आहे? मरणाऱ्याचा खरा शेवटचा संस्कार म्हणजे वाटेची शिदोरी म्हणून दिलेलं कम्युनियन (ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर), अभ्यंग नव्हे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय (ओवी १४ आणि १५) घरी सगळ्यांनी मिळून वाचा.

वहिनींना अवश्य बसवा. प्रार्थनेला कोणीही थांबू शकतं.

प्रतिसाद २

मी आयसीयूत नर्स आहे. माझं मत: घरीच घ्या, निदान ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत तरी. एक तर पप्पा शुद्धीवर असताना त्यांना पापनिवेदन, म्हणजे फादरांजवळ एकांतात पापांची कबुली, नीट करता येतं. दुसरं म्हणजे ऑपरेशनआधी ठरावीक वेळेपासून तोंडात काही घालू देत नाहीत, मग कम्युनियन राहून जातं. आजाऱ्याला कम्युनियनआधीचा तासाभराचा उपास पाळावा लागत नाही, पण डॉक्टरांचा उपास पाळावाच लागतो.

घरी लहान टेबलावर पांढरा कपडा, क्रूस, मेणबत्ती आणि तीर्थ ठेवा, बास. हॉस्पिटलात जिथे ऑक्सिजन चालू असतो तिथे मेणबत्ती अजिबात पेटवायची नाही, फादरांनाही हे माहीत असतं. पुढे कधी आयसीयूत गरज लागलीच तर वसईहून फादर येण्याची वाट बघत बसू नका, हॉस्पिटलजवळच्या चर्चला फोन करा. अभ्यंग कोणीही धर्मगुरू देऊ शकतात. वॉर्डच्या सिस्टरला आधी सांगून ठेवा. हाताला सलाईन असेल तर अडचण वाटून घेऊ नका, गरजेच्या वेळी नुसत्या कपाळाला लावलेलं तेलही पुरतं. तेल बोटाला ओल येण्याइतकंच असतं.

एक कळकळीने सांगते. फादरांना बोलवा म्हणून नातेवाईक धावत येतात तेव्हा बऱ्याचदा पेशंटच्या तोंडात नळी असते. त्याला बोलायचं असतं आणि बोलता येत नाही. तुमचे पप्पा स्वतः मागतायत, त्यांना थांबवू नका.

प्रतिसाद ३

आईंबद्दल लिहिते. तुमच्या आळीत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर अंथरुणाला खिळलेल्यांना कम्युनियन द्यायला येत असतीलच. तेव्हा कोणी घाबरत नाही, उलट दार उघडं ठेवून वाट बघतात. त्याच फादरांना आधी नुसतं चहाला बोलवा आणि आईंना त्यांच्याशी मोकळेपणी बोलू द्या. मुलाने सांगणं वेगळं, फादरांनी सांगणं वेगळं.

शिवाय आईंचं वय काय? म्हातारपणाने बरंच थकलेल्या माणसाला, गंभीर आजार नसतानाही, अभ्यंग घेता येतो. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणाला, जागतिक आजारी दिन असतो. त्या दिवशीच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, रांगेने वयस्कर माणसं तेल घेतात आणि नंतर स्वतःच्या पायांनी घरी जातात. माझ्या सासूबाईंची भीती ते बघूनच गेली. एकदम चर्चेला बसण्यापेक्षा असं काही डोळ्यांनी पाहिलेलं कोणी आत्यांना भेटवा.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. फादर काल संध्याकाळी येऊन गेले. आजोबांचं सगळं आईने त्यांना सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ती अजून रडते, पण नाही म्हणत नाही. तिचे गुडघे गेलेत, रक्तदाबही आहे, वय ७४. तिला देता येईल का, हे ते तिच्याशी बोलून ठरवणार आहेत. रविवारी दुपारी घरीच करायचं ठरलंय. आत्या येणार नाही म्हणते, तिला मी आग्रह केलेला नाही.

एकच राहिलं: धाकटा भाऊ दुबईला आहे, त्याला रजा नाही. व्हिडिओ कॉलवर घेतलं तर चालेल का?

प्रतिसाद २

त्याने प्रार्थनेत सामील व्हायला काय हरकत असणार, फक्त फादरांना आधी विचारून घ्या. अभ्यंगासाठी धर्मगुरू प्रत्यक्ष जवळ लागतात, ते तुमच्याकडे आहेतच. पापनिवेदनाच्या वेळी मात्र फोन बंद ठेवा आणि सगळे खोलीबाहेर थांबा. फोन वहिनींकडे द्या, तुम्ही पप्पांजवळ बसा. हॉस्पिटलच्या फॉर्मसोबत जवळच्या चर्चचा नंबर एका कागदावर लिहून पप्पांच्या फाइलमध्ये ठेवा.